आप्पांचा पैरा

साताऱ्याला निघाले तेव्हा घरी विचारलं, कशाला? मी म्हटलं, एका अमेरिकन माणसाचा शेवट शोधायला. नवऱ्याने पुढे काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे त्याला कळायला लागलं आहे.

खरं तर गोष्ट साधी होती. मोठ्या मुलांसाठी मी एक पुस्तक लिहिते आहे. मोटारगाडी नवीन नवीन होती त्या काळातल्या एका अमेरिकन शर्यतवाल्याचं चरित्र. पुस्तक निघेपर्यंत नाव फोडू नका, असं प्रकाशकांचं म्हणणं आहे, म्हणून इथे त्याला नुसतं 'अमेरिकन' म्हणते. आधी सायकलच्या शर्यती मारणारा हा गडी. मोटारीत बसला तेव्हा त्याला ती धड चालवताही येत नव्हती. तरी घोड्यांच्या शर्यतीच्या गोल मातीच्या मैदानावर एका मिनिटात मैलभर जाऊन त्याने लोकांना तोंडात बोटं घालायला लावली. आज त्या वेगाने हायवेवर गेलं तर मागचा टेम्पोवाला हॉर्न देऊन पुढे जातो. पण तेव्हा लोकांना वाटलं, याचा श्वास कोंडेल, हा मरेल. पुढे समुद्राच्या वाळूवर तो त्याहून जोरात पळाला. जगात तोवर कुणी पळालं नव्हतं एवढं.

इथपर्यंत लिहायला मजा आली. पुढे घोडं अडलं. विक्रम दुसऱ्यांनी मोडले आणि हा गावोगावच्या जत्रांतून खेळ करत फिरू लागला. पहिली शर्यत हरायची, शेवटची केसभर अंतराने जिंकायची, आणि निकाल म्हणे आधीच ठरलेला. म्हातारपणी एका कंपनीने त्याला ट्रॅक्टरवर बसवलं आणि जत्रांतून तो ट्रॅक्टर पळवून दाखवला. जगातला सर्वांत वेगवान माणूस, आणि शेवट ट्रॅक्टरवर. हे मुलांना सांगायचं कसं? शेवटचं प्रकरण मी चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं.

कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, "मेलेल्या ड्रायव्हरचं डोकं किती खाशील? इकडे ये. आमच्याकडे जिवंत आहेत." तिला बैलगाडी शर्यतीतले ड्रायव्हर म्हणायचे होते. सांगलीच्या एका वाचनालयाचं व्याख्यानाचं बोलावणं आलेलंच होतं. दोन्ही जुळवलं आणि निघाले.

माण

यवतमाळ ते सातारा हा प्रवास मी सांगत नाही, वाचणाऱ्याचे पाय सुजतील. साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि पूर्वेकडची एसटी धरली. कृष्णेकाठी डोळ्यांना ऊस टोचेल इतकी हिरवळ होती. घाट चढून माण तालुक्यात उतरलं की तोच जिल्हा ओळखू येत नाही. उघडे माळ, डोंगराच्या कण्यावर रांगेने उभ्या पवनचक्क्या, मेंढरं. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे माळावर दाढी वाढावी तेवढं गवत आलं होतं. कोरडवाहू मुलखातली मी, मला इथे आल्या आल्या घरच्यासारखं वाटलं.

मैत्रिणीने ज्यांचा पत्ता दिला होता त्या ज्ञानू आप्पांचं घर गावाबाहेर रानातच आहे. आप्पा सत्तरीच्या पुढचे, उंच, काटकुळे. बाजेवर बसले होते ते गुडघे छातीशी घेऊन, दोन हात पुढे धरून. गाडीच्या चौकटीवर, साटीवर, उकिडवं बसायची जन्मभराची सवय. बाजेवरही माणूस तसाच बसतो. त्यांचा मुलगा संभा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला. आता गाडी तोच हाकतो.

"आमच्याकडे गाडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात," मी म्हटलं.

"हितं ड्रायव्हर," आप्पा म्हणाले. "एश्टीचा येगळा, बैलाचा येगळा. एश्टीच्याला पगार असतो."

सुनेने बाजरीची भाकरी, शेंगोळी आणि खरडा वाढला. शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या. मला तिखट खाण्याचा अभिमान आहे. आमच्या भागात रश्शावर तेलाचा तवंग बोटभर असतो आणि आम्ही तो मिरवतो. इथला खरडा मात्र काही न मिरवता सरळ कानातून बाहेर आला. आप्पांनी माझ्यापुढे ताकाचा तांब्या सरकवला.

जेवण झाल्यावर मी त्यांना अमेरिकनाची गोष्ट सांगितली. मुलांना सांगते तशी, हातवारे करून. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकली आणि एकच विचारलं.

"गाडी त्याची सवताची व्हती?"

"नाही. बहुतेक दुसऱ्यांच्या."

"मंग आमच्यातलाच." मग जरा थांबून म्हणाले, "पन बरं हाय त्याचं. मोटारीला मारावं लागत न्हाई."

गोठ्यात त्यांचा हरण्या होता. पांढरा शुभ्र खिल्लार, शिंगं मागे कमानीसारखी, डोळे काजळ घातल्यागत. शर्यतीच्या बैलाची बडदास्त मी पहिल्यांदा पाहिली. त्याला दूध, अंडी, उडदाची डाळ. अंगावर झूल, पायाखाली मऊ माती. शेतातलं काम शून्य. "पळाऊ बैलाला औत दावायचं न्हाई," संभा म्हणाला. "खांदं बिघाडलं की स्पीड गेला. हा आमचा रूल हाय म्याडम."

पण हरण्या एकटाच होता. शेजारचं दावं रिकामं.

"दुसरा?" मी विचारलं.

तेव्हा पैरा म्हणजे काय ते कळलं. लहान शेतकऱ्याला दोन बैल परवडत नाहीत. मग एक याचा, एक शेजाऱ्याचा, असे जोडून आधी याचं रान करायचं, मग त्याचं. हा पैरा. पेरणीचा हा जुना व्यवहार शर्यतीतही तसाच चालत आला आहे. बैल एका मालकाचा, जोडीदार दुसऱ्याचा, आणि पैरा कुणाचा कुणाशी आहे यावरून माणसांचे संबंध कळतात. सोयरिकीइतकीच चौकशी होते.

"आमचा पैरा सांगलीकडचा व्हता," आप्पा म्हणाले. "भूपाल आण्णाचा. लय वर्सं." आणि उठून हरण्याच्या मानेखाली खाजवायला लागले.

माळावरचं मैदान

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात शर्यती होत्या. मधे बरीच वर्षं कोर्टाने त्या बंद ठेवल्या होत्या. आता नियम घालून पुन्हा सुरू झाल्या आहेत. आमच्याकडच्या शंकरपटात जोड्या घड्याळावर पळतात, सेकंदाचा हिशेब होतो. इथे पाच-सात गाड्या एकदम सुटतात. माळावर नांगराने आखलेल्या लांबच लांब पट्ट्या, त्यांना तास म्हणतात. ज्याने त्याने आपल्या तासातून पळायचं. घड्याळाशी पळणं आणि शेजाऱ्याशी पळणं यात फरक आहे, हे मला तिथे उभं राहून जाणवलं. घड्याळाकडे बघून कुणाला घाम फुटत नाही.

झेंडा पडला आणि जमीन हलली. मी आजवर वेगाबद्दल बरंच लिहिलं आहे, ते सगळं टेबलाशी बसून. इथे तो माझ्या अंगावरून गेला. धूळ खाली बसली तेव्हा गाड्या कुठल्या कुठे होत्या आणि माझी एक चप्पल सापडत नव्हती.

दुसरी फजिती लगेचच झाली. पुढची झुंज नीट टिपावी म्हणून मी पिशवीतून सेल्फी स्टिक काढून लांब केली. एक पंच धावत आला आणि त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. मैदानात काठी आणायची नाही. कसलीही. मी परोपरीने सांगितलं की ही फोनची काठी आहे. तो शांतपणे म्हणाला, "बैलाला काय ठावं मावशी?" आणि माझी काठी चाबूक-काठ्यांच्या ढिगात जाऊन पडली.

माईकवर निवेदक होता. त्याला शब्दांची ददात नव्हती. आप्पांना पाहिल्यावर त्याचा आवाज आणखी चढला. "मैदानात आगमन झालंय बिनचाबकाच्या ड्रायव्हरचं! ज्यांनी उभ्या आयुष्यात बैलाला हात लावला न्हाई, नुसत्या आवाजावर फायनल मारली, ते आपले ज्ञानू आप्पा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला माझा नायक सापडला असं वाटत होतं.

आप्पा मात्र खाली मान घालून माझी चप्पल शोधत राहिले.

परत येताना मी म्हटलं, उद्या सांगलीला जाणार. आप्पांनी वाटेतला एक दगड पायाने बाजूला सारला. मग म्हणाले, "आण्णाकडं जाशीला का, ताई?"

दसऱ्याआधी त्यांच्याच गावचं मैदान होतं. हरण्याचं वय उताराला लागलेलं. फार तर हा एक हंगाम. फलटणचा एक मोठा मालक आपला बैल पैऱ्याला द्यायला तयार होता आणि संभा त्याच्यावर खूश होता. आप्पांना मात्र आण्णांचा बैल, चंद्या, हवा होता. "एकदा हरण्या आन चंद्या, मी सवता हाकणार. हात न लावता. मंग मी मैदानावर पाय ठेवणार न्हाई."

"फोन करा ना."

"फोनवर न्हाई म्हणायला सोपं जातं, ताई. तुमी लांबनं आलाय. तुमच्या तोंडावर त्यो न्हाई म्हणायचा न्हाई."

दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे एवढं म्हणाले, का ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मध्यस्थाला जेवढं कमी माहीत तेवढं बरं, अशी माझी समजूत होती, आणि ती चुकीची निघाली.

सांगली

वाचनालयातलं व्याख्यान बरं झालं. समोरच्या रांगेत दोन आजोबा झोपले होते, पण टाळ्यांना बरोबर जागे झाले. तिथून रिक्षाने मिरजेच्या बाजूला आण्णांच्या मळ्यावर गेले. माणातून आलेल्या माणसाला हा मुलूख उधळा वाटतो. ऊस, हळद, द्राक्षांचे मांडव, आणि पाटात पाणी नुसतं वाहत असलेलं. काळी माती इतकी जड की चपलेला तोळा तोळा करत किलोभर चिकटते. चप्पलही माळावर हरवलेलीच्या जागी नुकतीच घेतलेली.

आण्णा जैन शेतकरी. बुटके, गोरे, पांढरं धोतर, बोलणं हळू. दिवस कलायला आला होता. "आधी जेवून घ्या," त्यांच्या पत्नी अक्का म्हणाल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत पाट मांडला होता. सूर्य मावळल्यावर या घरात जेवण नाही. कांदा-लसूणही नाही. जोंधळ्याची पातळ भाकरी, वांग्याची भाजी, दाण्याची चटणी, दही. लसणाशिवाय भाजीला चव येते यावर माझा विश्वास नव्हता; तो त्या दिवशी बसला. आमच्याकडे जेवण म्हणजे रात्रीच्या बातम्या संपल्यावरची गोष्ट. इथे सूर्य सगळ्यांना ताटावरून उठवतो.

हात धुतल्यावर मी निरोप सांगितला. आण्णांनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला.

"त्यानं तुमास्नी सांगितलं काय, का बंद हाय त्ये?"

"नाही."

"न्हाईच सांगणार." ते उठले आणि मला गोठ्याकडे घेऊन गेले. चंद्या हरण्याहून थोडा थोराड, तसाच पांढरा. "ह्याचा आजा सोन्या. त्यो ज्ञानूच्या गाडीला पळायचा. आमच्या लोकांस्नी आवडायचं न्हाई. जैनाच्या घरात शर्यतीचा बैल कशाला, म्हणायचे. मी म्हणायचो, त्याला पळायला आवडतंय. मारल्याबिगर पळतोय, यात कसली हिंसा? ज्ञानूला बैल दिला तवा एकच अट घातली. हात लावायचा न्हाई. आन त्यो लावायचा बी न्हाई. त्याचा आवाजच तसा व्हता. बैल त्या आवाजावर जीव टाकायचा."

"मग?"

"मंग ती फायनल. सगळीकडं गाजली बघा. लोकांनी गुलाल उधळला. पांढरा बैल लालभडक झाला. हितं आणून मी हिरीवर धुतला. गुलाल गेला समदा. पुठ्ठ्यावरचा एक लाल ठिपका काय जाईना."

आण्णांनी चंद्याच्या पुठ्ठ्यावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, अंगठा फिरवला.

"खिळा टोचला व्हता त्यानं. त्याच्याबिगर बी सोन्या जिंकला असता. त्ये जास्ती लागलं मला. लोकांस्नी मी काय सांगणार? गप बसलो. परत कवा बैल दिला न्हाई."

"त्यांनी कधी माफी मागितली नाही?"

"पर्युषण संपलं की आमच्यात समद्यांनी एकमेकांची क्षमा मागायची रीत हाय. मी दरसाल ज्ञानूला मनातल्या मनात क्षमा करतो. पन मनातल्या क्षमेला चव न्हाई बघा. पुढल्या साली परत करायला लागती."

दारातून अक्का म्हणाल्या, "ह्या दोघांची सोयरीक जमवायला बाई यवतमाळवरनं आली व्हय? देऊन टाका की बैल."

आण्णांनी चंद्याच्या गळ्यातलं दावं जरा सैल केलं. मग म्हणाले, "सांगा त्याला, बैल देतो. पैऱ्यालाच देतो. पन पळवायला न्हाई. त्याचा शाळू पेरायचा आसंल. रानात वापसा आला की मला कळीव म्हणावं. मी चंद्याला घेऊन येतो. हरण्या आन चंद्या, पाभरीला."

रिक्षात बसल्यावर मला राग आला. आप्पांचा आला, आणि त्याहून जास्त माझा. बिनचाबकाचा ड्रायव्हर म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या मी. माझ्या अमेरिकनाच्या ठरवलेल्या शर्यतींची मला किळस यायची; त्याच्यावर उतारा म्हणून हा माणूस मी मनात उभा केला होता. आता दोघेही सारखेच. कराडला मैत्रिणीकडे मुक्कामाला थांबले, तिला सगळं सांगितलं. आम्ही प्रीतिसंगमावर जाऊन बसलो. ती म्हणाली, "तू निरोप्या आहेस, जज्ज नाहीस. निरोप पोचव." शिक्षकांशी मैत्री करू नये ती यासाठी.

पुन्हा माण

निरोप पोचवला. आप्पांनी ऐकून घेतलं.

"आणखी काय म्हणाला?"

"गुलालाचं म्हणाले."

आप्पा बाजेवरून उतरून खाली जमिनीवर बसले. संभा दारात उभा होता. त्याच्या देखतच बोलले. "नखाएवढा खिळा व्हता, ताई. बोटाच्या बेचक्यात. कवाच वापरला न्हवता, नुसता जवळ ठेवायचो. त्या दिशी बाजूच्या तासातली गाडी वाव दोन वाव म्होरं दिसली आन मला भ्या वाटलं. आण्णाचा इस्वास व्हता सोन्यावर. माजा न्हवता."

संभाने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग फौजेतल्यासारखा सरळ मुद्द्यावर आला. "आप्पा, झालं गेलं. पन पळाऊ बैल पाभरीला जुपला तर पब्लिक हसंल. खांद्याला गाठ आली म्हंजी सीझन गेला, आन हरण्याचा ह्योच सीझन हाय. फलटणचा पैरा रेडी हाय. तुमचं नाव बी दिलंय मी."

आप्पा रानात गेले, मूठभर माती उचलली, दाबली, बोटाने मोडली. पावसानंतर माती हाताला चिकटायची थांबते आणि अजून कोरडीही पडलेली नसते, तो वापसा. तो दोन-तीन दिवस टिकतो, उन्ह लागलं की जातो. माझ्याही हातावर त्यांनी माती दिली. मला ती नुसती माती वाटली.

"परवा," ते म्हणाले.

"परवा मैदान हाय," संभा म्हणाला.

"वापसा काय मैदानाला इचारून येतोय व्हय?"

त्यांनी संभाचा फोन मागितला, नंबर लावायला लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर एवढंच बोलले, "आण्णा, ज्ञानू. परवा वापसा हाय." पलीकडूनही एकच शब्द आला असावा. संभा गोठ्यात निघून गेला. माझं परतीचं तिकीट होतं. ते मी रद्द केलं. नवऱ्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'अपेक्षित.'

पेरणी

परवा सकाळी टेम्पोतून चंद्या उतरला आणि मागून आण्णा. हे दोघे गळ्यात पडतील किंवा भांडतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. आण्णा थेट हरण्यापाशी गेले आणि त्याचे दात पाहिले. आप्पांनी चंद्याच्या चारी पायांवरून हात फिरवला. पाहुण्याच्या बैलाची खुशाली आधी घेतली म्हणजे पाहुण्याची घ्यावी लागत नाही.

आसपासच्या रानांत ट्रॅक्टरने पेरण्या उरकल्या होत्या. इथे पाभरीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आमच्याकडे तिफण असते आणि बी सोडायचं काम बाईचं. आप्पांच्या सुनेने ओटीत बी घेतलं तोच आण्णा म्हणाले, "आण पोरी, मी सोडतो." पाभरीच्या मागे एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात, तिच्यात मुठीने बी सोडत चालायचं, म्हणजे ते नळ्यांतून मातीत जातं. आप्पांनी पाभर धरली. पळण्यासाठी जन्मलेले ते दोन बैल आधी गांगरले. जू वेगळं, ओझं वेगळं, आणि कुणी हाळी देत नाही. आप्पा दबक्या आवाजात म्हणत होते, "हळू. हळू रं. कुटं जायाचं न्हाई आपल्याला."

आयुष्यभर ज्या आवाजाने बैल पळवले तो आवाज आज त्यांना थांबवत होता. मी बांधावर बसून बघत होते. मला उगाचच रडायला येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

तीन-चार फेऱ्या सरळ झाल्या. दोघं म्हातारे एकामागे एक चालत होते, पण शब्द नाही. मग डोंगराच्या पलीकडून लाऊडस्पीकर सुरू झाला. त्यांच्याच गावचं मैदान. वारा तिकडून होता, शब्द न् शब्द येत होता. एक गट सुटला, दुसरा सुटला. बैलांचे कान उभे राहिले. संभाने दिलेलं नाव काढून घेतलेलं नव्हतं. ते रागाने की विसरून, हे मला अजून माहीत नाही.

"पुढचा गट! बिनचाबकाचे ड्रायव्हर ज्ञानू आप्पा, गाडी जुपून तासावर यावं!"

पाठोपाठ हलग्या वाजल्या, आणि हरण्याने उसळी घेतली. चंद्या त्याच्याबरोबर गेला. पाभर आडवी ओढली गेली, आण्णांच्या मुठीतलं बी उधळलं, आप्पा फरपटत चार पावलं गेले. आणि त्यांचा उजवा हात वर गेला. मी तो पाहिला. चंद्याच्या पुठ्ठ्यावर, बोटं आवळलेली. हातात काही नव्हतं, पण हात जुनाच होता.

आण्णाही बघत होते. ते जागचे हलले नाहीत, ओरडले नाहीत.

हात वरच राहिला. मग बोटं उघडली आणि तळवा सावकाश चंद्याच्या पाठीवर टेकला. "हो," आप्पा म्हणाले. "हो, बाबा. हो." बैल थांबले. दोघांच्या नाकपुड्या फुललेल्या, चौघांच्या छात्या वरखाली होत होत्या.

पलीकडे निवेदकाने पुन्हा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा. मग झेंडा पडला आणि तो गट यांच्याशिवाय सुटला.

"ज्ञानू," आण्णा म्हणाले, "तास वाकडं गेलं."

इतक्या वर्षांनी तोंडावर बोललेलं हे पहिलं वाक्य. आप्पांनी मागे वळून पाहिलं. सरळ ओळींच्या शेजारी ती एक ओळ बांधाकडे कलून पुन्हा जागेवर आली होती.

"आण्णा," ते म्हणाले, "सोन्याला मी टोचलं व्हतं. माफी दे."

"दिली. चल आता, वापसा जाईल." आण्णांनी ओटीतून नवी मूठ भरली. घाईत अर्धं बी चाड्याबाहेर पडलं. आप्पांनी पाभर उचलली नाही की ओळ मोडली नाही. तिथूनच पुढे निघाले.

दुपारी संभा भाकऱ्या घेऊन आला. आधी त्याने दोन्ही बैलांच्या खांद्यांना लोणी चोळलं. मग बापाच्या हातून पाभर घेतली आणि उरलेलं रान त्याने पेरलं. आण्णा त्याच्यामागेही बी सोडत राहिले. आप्पा माझ्याशेजारी बांधावर येऊन उकिडवे बसले.

"तुमचा त्यो अमेरिकेचा," ते म्हणाले, "त्यानं टॅक्टर पळवला म्हणालासा. त्याच्या मागं पेरायचं काय व्हतं का?"

मी म्हटलं, माहीत नाही. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी एवढंच पाहिलं होतं की तो किती खाली उतरला.

घरी येऊन शेवटचं प्रकरण लिहिलं, पाचव्यांदा, आणि ते फाडलं नाही. त्यात ट्रॅक्टर आहे, जत्रा आहे, ठरवलेल्या शर्यती आहेत. त्याला भीती वाटत असावी, असंही लिहिलं आहे. मागं पेरायचं काही होतं की नाही, ते अजून कुठे सापडलेलं नाही, शोधते आहे.

परवा संभाने फोटो पाठवला. शाळू गुडघाभर आला आहे. हिरव्या सरळ ओळी, आणि मधे एक बांधाकडे झुकलेली. रस्त्यावरून जाणारे हटकून विचारतात, हे कुणी पेरलं? आप्पा लपवत नाहीत, सगळं सांगतात, खिळ्यापासून. मैदानावर आता निवेदक नुसतं 'ज्ञानू आप्पा' म्हणतो, पुढचं बिरूद त्यांनी काढायला लावलं. चंद्या अजून माणातच आहे. आण्णा न्यायला येतो म्हणतात, येतात, दोन दिवस राहतात आणि त्याला तिथेच ठेवून जातात.

थंडीत हुरड्याला बोलावलं आहे. पण कुठली ओळ सोडून, ते संभाने आधीच बजावलं. आप्पांनी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, वाकडं तास आण्णाचं. त्याला कुणी हात लावायचा न्हाई.